आधी रस्ता, मग अंग, मग सायकल

जून उजाडला की व्यापारी घरांतील बोलण्याचा विषय काही दिवसांपुरता बदलतो. आवक, भाव आणि उधारी मागे पडतात. गुणपत्रिका, प्रवेशयादी आणि वसतिगृह पुढे येतात. सांगलीतील हळदीच्या एका आडत पेढीवरही असाच एक दिवस आला. घरातील मुलीला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात पदव्युत्तर अभ्यासासाठी प्रवेश मिळाला, वसतिगृहाची खोलीही ठरली. घरच्यांनी लॅपटॉप, कपाट, मिक्सर अशी लांबलचक यादी केली. मुलीने आपल्याकडून एकच वस्तू मागितली, ती म्हणजे सायकल.

वडिलांनी मान हलवली. "स्कूटर घेऊन देतो. सायकल म्हणजे तीन महिन्यांची हौस. विश्वास बसत नसेल तर जिन्याखाली जाऊन बघ."

जिन्याखाली थोरल्या मुलाची सायकल उभी होती. दोन वर्षांपूर्वी तो कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात शिकायला गेला, तेव्हा बावीस हजार रुपये मोजून ती घेतली होती. केशरी-काळा रंग, बोटभर खोल नक्षीचे जाड टायर, पुढेमागे शॉकअप, एकवीस गिअर. पहिल्या दिवशी गल्लीतील प्रत्येकाने ती थांबून पाहिली. तीन महिन्यांनी हळदीची पोती पोहोचवून रिकाम्या परतणाऱ्या टेम्पोतून ती घरी आली. "पाठ दुखते, मनगटे दुखतात," एवढेच मुलगा म्हणाला. त्या दिवसापासून त्याच्या नावापुढे घरात एक शब्द कायमचा लिहिला गेला, आळशी.

हे बोलणे चालू असताना आजोबा गादीवर बसून सर्व ऐकत होते. तरुणपणी त्यांनी मिरज, आष्टा, तासगाव या बाजारांच्या फेऱ्या सायकलीवरच केल्या होत्या. पण त्या आठवणी त्यांनी उगाळल्या नाहीत. त्यांनी मुलाला फक्त विचारले, "तू हळद घेतोस ती पोत्याच्या वरचा रंग बघून घेतोस का?"

"नाही. हळकुंड मोडून बघतो."

"मग ती सायकल घेताना काय मोडून पाहिलेस?"

वडील निरुत्तर झाले. हळकुंड मोडताना होणारा खणखणीत आवाज, आतल्या गाभ्याचा रंग, ओलावा, वजन यांची पारख करणारा माणूस सायकलीच्या दुकानात मात्र रंगावर सौदा करून आला होता. हा अनुभव त्या एका घरापुरता नाही. अनेक घरांच्या जिन्याखाली अशी एखादी सायकल उभी असते आणि तिचा दोष घरातील कुणा मुलाच्या माथी लागलेला असतो.

आजोबांनी पुढे एवढेच सांगितले, "आधी रस्ता बघा. मग मुलीचे अंग बघा. सायकल त्यानंतर." सायकल खरेदीचे सारे शास्त्र या तीन वाक्यांत येते.

रस्त्याचे माप

सायकल ही तशी उघड वस्तू आहे. तिच्यात लपवण्यासारखे फार थोडे असते. १८८५ मध्ये इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ली यांनी रोव्हर सायकल आणली. जवळजवळ सारख्या आकाराची दोन चाके आणि मागच्या चाकाला फिरवणारी चेन, ही तिची रचना होती. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. त्याच वर्षी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान थाटले आणि पुढे त्यातूनच एक मोठा मराठी उद्योगसमूह उभा राहिला. तेव्हापासून आजपर्यंत सायकलीचा मूळ सांगाडा तोच आहे. वर जे जे वाढले ते कुठल्या ना कुठल्या रस्त्याच्या गरजेने वाढले. म्हणून आपला रस्ता कोणता, हे आधी ठरवावे लागते.

सांगली सपाट गाव. विश्रामबागेतील वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला गिअर नसलेली साधी सायकल वर्षानुवर्षे पुरते. पश्चिम बंगालमधील आयआयटी खरगपूरचा परिसर सुमारे २,१०० एकरांचा आहे, पण भूमी सपाट असल्याने तेथेही बिनगिअरच्या सायकलीवर विद्यार्थ्याचे काही अडत नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा परिसर सुमारे ८५३ एकर. तेथे चढ आहेत आणि पावसाळाही दांडगा. पुण्यात गणेशखिंडीतील विद्यापीठाचा परिसर सुमारे ४११ एकर. गर्द झाडी, डांबरी रस्ते, मधूनमधून सौम्य चढउतार. चारही विद्यापीठे वा महाविद्यालयेच, पण चारही ठिकाणी एकच सायकल योग्य ठरणार नाही.

आजोबांच्या सांगण्याप्रमाणे बापलेक दुकानात जाण्याआधी विद्यापीठात गेले आणि घड्याळ लावून पायी फिरले. वसतिगृहापासून विभाग, तेथून ग्रंथालय, तेथून खाणावळ. सर्वांत लांबचा टप्पा सुमारे दीड किलोमीटर भरला. चालायला अठरा-वीस मिनिटे लागली. सायकलीवर हेच अंतर सहा-सात मिनिटांचे आहे. वडिलांना फरक किरकोळ वाटला. मुलीने वेळापत्रक पुढे धरले. शेवटचा तास साडेपाचला सुटतो आणि डिसेंबरात पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा तिचा घरातला नियम वसतिगृहात टिकायचा असेल, तर ती बारा मिनिटे किरकोळ नव्हती. सायकल ही हौस नसून गरज आहे, हे वडिलांना तेव्हा उमगले.

आणखी एक गोष्ट त्या फेरीत दिसली. परिसराच्या आतला रस्ता निराळा आणि विद्यापीठ चौकाची रहदारी निराळी. आत सायकल निर्धास्त चालते. बाहेर बस, डंपर आणि घाईतल्या दुचाकी यांच्यामध्ये ती अगदी लहान होते. म्हणून तेथेच एक करार झाला. सायकल परिसरात, बाहेर जायचे तेव्हा बस. कधी सायकलीने चौक ओलांडावाच लागला, तर उतरून, झेब्रा पट्ट्यावरून, सायकल हाताने नेऊन. असा करार खरेदीपूर्वी झालेला बरा असतो. पुढे प्रत्येक फोनवर "जपून चालव" म्हणण्यापेक्षा एकदा स्पष्ट ठरलेला नियम अधिक उपयोगी पडतो.

अंगाचे माप

बूट घेताना माणूस पायात घालून पाहतो. सायकल मात्र पुष्कळदा उभी पाहूनच पसंत केली जाते. चाकाचा आकार सांगितला की माप झाले, असा समज आहे. खरे माप फ्रेमचे असते. एकाच चाकाच्या सायकली लहान, मध्यम, मोठ्या अशा निरनिराळ्या फ्रेममध्ये येतात आणि माणसाच्या उंचीनुसार, त्यातही पायांच्या लांबीनुसार, त्या निवडाव्या लागतात.

यासाठी दुकानात तीन परीक्षा पुरतात. पहिली, सायकल दोन्ही पायांत घेऊन, सीटच्या पुढे, दोन्ही तळवे जमिनीवर टेकवून उभे राहावे. दांडी आणि अंग यांच्यात किमान दोन-तीन बोटांचे अंतर हवे. दांडी अंगाला टेकत असेल तर ती फ्रेम मोठी आहे आणि अचानक उतरण्याच्या वेळी इजा करणारी आहे. दुसरी, सीटवर बसून पायडल अगदी खाली आणावे आणि त्यावर टाच ठेवावी. पाय सरळ व्हावा, कंबर मात्र एका बाजूला झुकू नये. मग चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्यात किंचित बाक येतो. सीटची योग्य उंची तीच. सीट फार खाली ठेवून चालवणाऱ्याचे गुडघे दुखतात. तिसरी, हात हँडलवर ठेवल्यावर कोपरांत थोडा बाक राहावा आणि शरीराचा भार मनगटांवर पडू नये. रमतगमत चालवण्याच्या सायकलीचे हँडल सीटच्या बरोबरीने किंवा थोडे वरच असावे. शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वाकून बसणे परिसरातल्या फेऱ्यांना नको, कारण तेथे क्षणोक्षणी मान वर करून पाहावे लागते.

मुलींसाठी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. दांडी उतरती किंवा अगदी खालून गेलेली असली तर सलवार-कुर्त्यात चढणे-उतरणे सोपे होते. चेनवर पूर्ण कव्हर आणि मागच्या चाकाच्या बाजूला जाळी असली तर ओढणी अडकण्याचा धोका टळतो. चालवताना ओढणी बांधलेली असावीच.

पुण्याच्या दुकानात वडिलांची नजर पुन्हा एका जाड टायरच्या चमकदार सायकलीवर गेली. सवयीने ते स्वतःच तिच्यावर बसले, दोन्ही पाय टेकवले, हँडल वळवून पाहिले आणि म्हणाले, "उत्तम बसते."

"पप्पा," मुलगी हलक्या आवाजात म्हणाली, "चालवायची मला आहे."

वडील उतरले, पण तिथेच उभे राहिले. दोन वर्षांपूर्वी सांगलीच्या दुकानातही ते असेच स्वतः बसले होते. मुलगा मागे उभा होता. वडील पाच फूट अकरा इंच. मुलगा पाच फूट पाच. तेव्हाही "उत्तम बसते" असेच ते म्हणाले होते, आणि बावीस हजार मोजले होते. दांडी मुलाच्या अंगाला टेकत असणार, हात ताणून हँडल धरावे लागत असणार, वजन मनगटांवर येत असणार. मुलाने कारण सांगितले होते. घराने ते बहाणा म्हणून ऐकले होते.

सायकलीचे माप

रस्ता आणि अंग ठरल्यावर सायकल निवडणे सोपे होते. बाजारात ढोबळ मानाने चार जाती आहेत. पहिली, जुनी काळी, दणकट सायकल. वजन सुमारे वीस किलो, चाक २८ इंची. ओझे वाहायला उत्तम, सपाट गावाला योग्य, चढाला जड. दुसरी, शहरी किंवा हायब्रिड. मध्यम रुंदीचे टायर, ताठ बैठक, वजन चौदा-पंधरा किलोंच्या आसपास. तिसरी, डोंगरी म्हणजे माउंटन बाइक. दगडगोट्यांच्या वाटांसाठी बनलेली, रुंद व नक्षीदार टायरची. चौथी, शर्यतीची, अरुंद टायर, वाकलेले हँडल. महाविद्यालयाच्या डांबरी रस्त्यांना दुसरी जात बहुधा बरोबर बसते. पहिलीही वाईट नाही. तिसरी आणि चौथी यांचे गुण तेथे वापरलेच जात नाहीत, आणि न वापरलेल्या गुणांची किंमत मात्र मोजावी लागते.

शॉकअपचे उदाहरण घ्यावे. चांगला शॉकअप महाग असतो. स्वस्त सायकलीवर बसवलेला शॉकअप म्हणजे बहुधा एक जड स्प्रिंग. चढावर जोर लावताना ती खालीवर दबते आणि पायांच्या श्रमाचा काही भाग स्प्रिंग दाबण्यातच जातो. पुढेमागे दोन्हीकडे ती असेल तर तोटा दुप्पट. डांबरी रस्त्यावरचे लहान धक्के मध्यम रुंदीचा, योग्य हवेचा टायरच शोषून घेतो.

गिअरचा हिशेब तर कोणत्याही आडत्याला चटकन कळेल असा आहे. पुढच्या चक्राचे दात भागिले मागच्या चक्राचे दात, गुणिले चाकाचा परीघ. गुणाकाराचे उत्तर म्हणजे पायडलच्या एका फेरीत सायकल किती पुढे जाते ते अंतर. मोठ्या चाकाचा परीघ सुमारे २.२ मीटर धरावा. बिनगिअरच्या सायकलीवर पुढे ४४ आणि मागे १८ दात असतील तर एका फेरीत सुमारे ५.४ मीटर अंतर कापले जाते. सपाटीला हे ठीक, चढाला भारी. पुढे ३८ दातांचे एकच चक्र आणि मागे १४ ते २८ दातांची सात चक्रे असतील, तर चढावर एका फेरीत सुमारे ३ मीटर आणि उतारावर सुमारे ६ मीटर अशी सोय होते. पुण्यासारख्या सौम्य चढउतारांना एवढे पुष्कळ झाले.

मग एकवीस गिअर कशासाठी? पुढची तीन चक्रे गुणिले मागची सात, असे ते एकवीस होतात. पण पुढे २८ व मागे १४ घेतले तरी भागाकार दोन, आणि पुढे ४८ व मागे २४ घेतले तरी दोनच. आकडा एकवीस दिसतो. त्यांतील कित्येक एकमेकांची पुनरावृत्ती असतात. खऱ्या डोंगराळ गावी सर्वांत हलक्या गिअरचा उपयोग आहे. इतरत्र पुढचे गिअर बदलणारे यंत्र म्हणजे बिघडायला आणखी एक जागा.

ब्रेककडे मात्र काटकसरीने पाहू नये. पोलादी रिम पावसात ओली झाली की रबरी ब्रेक तिच्यावरून घसरतो. ॲल्युमिनियमच्या रिमवर तो पुष्कळ बरा धरतो. रिम कशाची आहे हे ओळखायला खिशात लहानसा लोहचुंबक न्यावा. रिमला चिकटला तर पोलाद, नाही चिकटला तर ॲल्युमिनियम. आरे पोलादी असतात, त्यांना लावून फसू नये. डिस्क ब्रेक पावसात चांगले चालतात, पण स्वस्त सायकलीवरचे डिस्क वारंवार घासू लागतात. ते नीट करणारा मिस्त्री जवळपास आहे का, हे आधी विचारावे. ॲल्युमिनियमची रिम आणि दोन्ही बाजूंनी धरणारे व्ही-ब्रेक ही परिसरासाठी पुरेशी जोडी आहे.

टायरच्या आकड्यांत एक गंमत आहे आणि एक सापळाही. "२६ इंची" म्हणून दोन टायर समोर ठेवले, एकावर २६ × १ ३/८ आणि दुसऱ्यावर २६ × २.१ असे छापलेले असेल, तर ते एकमेकांच्या रिमवर बसत नाहीत. पहिल्याच्या रिमचा व्यास ५९० मिलिमीटर, दुसऱ्याच्या ५५९. उलट "७००सी" आणि "२९ इंची" ही नावे निरनिराळी, पण दोन्हींच्या रिमचा व्यास ६२२ मिलिमीटरच. टायरच्या कडेवर हा तीन आकडी क्रमांक छापलेला असतो. नवा टायर घेताना इंचांचे नाव न सांगता हा क्रमांक सांगावा. हवेचा योग्य दाबही त्याच कडेवर लिहिलेला असतो. ट्यूबचा व्हॉल्व्ह कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याच्या पंपाला बसतो का, हेही पाहून घ्यावे. शर्यतीच्या सायकलींवर असतो तसा बारीक व्हॉल्व्ह असेल तर जोडनळी लागते.

राहिल्या त्या साध्या वस्तू. मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, घंटी. नव्या रुबाबदार सायकलींवर या नसतात आणि रोज नेमक्या याच लागतात. मडगार्ड नसलेली सायकल पावसात विद्यार्थ्याच्या पाठीवर चिखलाची रेघ ओढते. कॅरिअर नसेल तर पुस्तकांचे ओझे खांद्यावर येते. जैन घरांनी सीटकडेही एकदा पाहावे. जुन्या घाटाच्या काही सीट चामड्याच्या असतात. रेक्झिनच्या व कृत्रिम कापडाच्या सीट सर्वत्र मिळतात, एवढे विचारून घ्यायला क्षणभर लागतो.

किंमतीचे माप

मुलीने शेवटी घेतलेली सायकल दिसायला साधी होती. निळसर राखाडी रंग, खालून गेलेली दांडी, ७०० सी चाके, मागे सात गिअर, शॉकअप नाही, मडगार्ड-कॅरिअर-चेनकव्हर जागच्या जागी. तेरा हजार रुपये. वडील बिल देऊ लागले तेव्हा तिने थांबवले. हिशेब अजून संपला नव्हता. कुलूप, पुढचा-मागचा दिवा, हेल्मेट आणि हातपंप यांचे अडीच हजार तिने आधीच धरून ठेवले होते. अंदाजपत्रकातील सहावा-सातवा हिस्सा असा बाजूला काढूनच सायकलीची किंमत ठरवावी. सगळे पैसे सायकलीत घालून कुलूप पन्नास रुपयांचे घेणारा माणूस चोराची सोय करतो. कुलूप जाड आणि कडक हवे. फ्रेम आणि चाक दोन्ही एखाद्या पक्क्या खांबाला बांधले जातील असे हवे. फ्रेमचा क्रमांक बहुधा पायडलच्या धुरीखाली कोरलेला असतो. त्याचे छायाचित्र आणि पक्के बिल घरी जपून ठेवावे. बिलावर कराचा आकडाही पाहावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरील जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला आहे.

घरपोच मागवलेली सायकल थोडी स्वस्त पडते, पण ती खोक्यात अर्धवट जोडलेली येते. डाव्या पायडलचा आटा उलटा असतो, हे ठाऊक नसलेला माणूस तो जोराने फिरवतो आणि क्रँकचे आटे कायमचे खराब करतो. म्हणून जिथे चालवायची तिथल्याच, दुरुस्ती करणाऱ्या दुकानातून घ्यावी. पहिल्या महिन्यात आरे आणि ब्रेकच्या तारा थोड्या सैल होतात. तेव्हा एकदा दुकानात नेऊन कसून घ्यावी.

जुनी सायकल घेण्यातही कमीपणा नाही. दरवर्षी अभ्यासक्रम संपवून जाणारे विद्यार्थी सायकली विकतात. तेथे चाक उचलून फिरवावे. डुलत असेल तर आरे कसावे लागतील, एवढा खर्च चालतो. फ्रेमच्या सांध्यांवर तडा किंवा पुन्हा जोडल्याची खूण दिसली तर मात्र भाव कितीही पडलेला असो, सौदा सोडावा. विकणाऱ्याकडे बिल आहे का, हे विचारावे. मालकी ठाऊक नसलेला माल पेढीवर जसा घेत नाहीत, तसाच येथेही घेऊ नये.

रोजचे माप

सायकल घेतली की तिची निगा आली. ती फार नाही, पण चुकवून चालत नाही. आठवड्यातून एकदा हवा. ट्यूबमधील हवा सायकल न वापरताही हळूहळू उतरते आणि कमी हवेवर चालवले की टायरच्या कडा चिरतात. पंधरा दिवसांनी आणि प्रत्येक मोठ्या भिजण्यानंतर चेन फडक्याने पुसून तिला थेंब थेंब तेल द्यावे. वरचे जास्तीचे तेल पुन्हा पुसून काढावे, नाहीतर त्याला धूळ चिकटते. ब्रेकच्या रबरांवरची खाच पुसट झाली की रबर बदलावे. सुटीत सायकल उभी राहणार असेल तर हवा भरूनच आडोशाला ठेवावी. कानांत गाणी लावून चालवू नये, आणि अंधार पडण्याची वाट न पाहता दिवा लावावा.

मुलीला वसतिगृहात पोहोचवून वडील सांगलीला परतले. त्या रात्री त्यांनी जिन्याखालची सायकल बाहेर काढली, पुसली आणि तिच्यावर दोन्ही पाय टेकवून उभे राहिले. दांडीखाली तीन बोटांचे अंतर होते. टाच पायडलवर ठेवली. पाय सरळ झाला. सकाळी त्यांनी मिस्त्रीकडून मडगार्ड आणि कॅरिअर बसवून घेतले, चेन बदलली आणि सायकलीवरून मार्केट यार्डात सौद्यांना गेले. सांगलीच्या सपाट रस्त्यावर तिचे वजन त्यांना जाणवले नाही.

दुपारी गर्दी ओसरल्यावर त्यांनी कोल्हापूरला फोन लावला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर ते म्हणाले, "तुझी सायकल आज मी चालवली. ती माझ्या मापाची आहे रे. तुला मोठी होती. तेव्हा मी पाहिले नाही, आणि वर तुलाच बोललो."

पलीकडून काही वेळ आवाज आला नाही. मग मुलाने विचारले, "पप्पा, हवा किती भरलीत?"